चौथा प्रशिक्षक

अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना आपल्या बेसबॉल संघासाठी ३० जून २०२३ पर्यंत चार प्रशिक्षक ठेवता येत. एक मुख्य आणि दोन सहायक, या तिघांना पगार. चौथाही रोज मैदानावर येई, तिघांइतकाच वेळ उन्हात उभा राही, मुलांच्या चुका दुरुस्त करी. त्याला मात्र पगार द्यायचा नाही, असा नियमच होता. विद्यापीठ कितीही श्रीमंत असो आणि द्यायची कितीही इच्छा असो, देता येत नसे. महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेनं तसं लिहून ठेवलं होतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र ‘मोबदला’ असल्याचं कळवलं, तेव्हा मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये मामेभावाकडे राहायला आले होते. भावाचा धाकटा मुलगा बेसबॉल खेळतो. रविवारी सकाळी त्याला पिचिंग शिकवायला तिशीतला एक माणूस येतो आणि तासाचे पैसे घेतो. बोलता बोलता कळलं, की हा एके काळी व्यावसायिक बेसबॉल खेळलेला पिचर आहे आणि आठवड्याचे उरलेले दिवस एका छोट्या महाविद्यालयाच्या संघाला फुकट शिकवतो. त्या फुकटच्या कामाचा पेट्रोलखर्च रविवारच्या शिकवण्यांवर निघतो.

मी त्याचं मैदान बघायला गेले. तिथून पुढे, आणखी पूर्वेला, लुइझियाना राज्यातल्या मन्रो गावापर्यंत गेले. पगाराशिवाय शिकवायला उतरलेल्या माजी पिचरांमधलं एक फार मोठं नाव त्या गावाशी जोडलेलं आहे.

बुलपेनच्या जाळीपाशी

छोट्या महाविद्यालयाचं आणि त्या प्रशिक्षकाचं नाव मी देत नाही. त्यानंच तशी विनंती केली होती. नोकरीच्या ठिकाणी आपल्या वेळांचा बोभाटा होऊ नये, ही त्याची काळजी मला रास्त वाटली. २०२३ चा नियमबदल पहिल्या श्रेणीपुरता आहे. खालच्या श्रेणींमध्ये आणि एनसीएएबाहेरच्या लहान महाविद्यालयांत बिनपगारी प्रशिक्षक आजही सर्रास दिसतात.

त्याचा दिवस पहाटे चारला एका गोदामात सुरू होतो. दुपारी तिथून सुटून, गाडीतच काहीतरी खाऊन तो दोनच्या सुमाराला मैदानावर येतो. तिथलं पहिलं काम शिकवण्याचं नसतंच, ते मातीचं असतं. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो त्या माउंडवर, पुढचा पाय जिथे जोरात पडतो तिथे रोज खड्डा होतो. तो खड्डा झाडून घ्यायचा, पाणी शिंपडायचं, चिकणमाती भरायची आणि धुम्मसानं ठोकून सपाट करायची. हे काम त्यानं कुणा मुलाला सांगितलं नाही. खड्डा नीट भरला नाही तर पाऊल घसरतं, पाऊल घसरलं की खांदा उघडा पडतो आणि सगळा भार कोपरावर येतो, असं त्यानं माती ठोकता ठोकता मला समजावून सांगितलं. त्याचं स्वतःचं कोपर असंच गेलं, अशी त्याची खात्री आहे.

मग मुलं आली. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला जाळीनं वेगळी केलेली अरुंद पट्टी. दोन माउंड शेजारी शेजारी, आणि समोर पकडणारे दोन कॅचर. तो एका प्लास्टिकच्या बादलीवर बसला. बादलीच्या झाकणावर फोमची गादी असते आणि आत चेंडू. अमेरिकेतल्या कुठल्याही बेसबॉल मैदानावर अशी बादली दिसते आणि तिच्यावर बसलेला माणूस बहुतेक वेळा पिचरांचाच प्रशिक्षक असतो.

त्या दिवशी सगळ्यांनी पूर्ण ताकदीनं टाकायचं नव्हतं. शुक्रवारी ज्याला सामना सुरू करायचा होता, त्यानं मोजून तीसेक चेंडू टाकले. प्रशिक्षक बराच वेळ काही बोललाच नाही. प्रत्येक चेंडूनंतर तो मुलाला आधी विचारायचा, हातातून सुटताना कसा वाटला? मुलानं उत्तर दिल्यावर मगच स्वतःला काय दिसलं ते सांगायचा. दहाबारा चेंडू झाल्यावर उठून गेला आणि पिचरच्या पायाखालची रबराची पट्टी दाखवून टाच चार बोटं सरकवायला लावली. एवढीच दुरुस्ती. पुढचे चेंडू कॅचरच्या हातमोज्यात वेगळ्या आवाजानं बसायला लागले, हे माझ्यासारख्या नवख्या कानालाही कळलं.

दुसरा मुलगा दुखण्यातून उठलेला होता. त्याला चेंडू द्यायचाच नव्हता. त्याच्या हातात टॉवेल दिला. टॉवेलचं टोक बोटांत धरून हात पूर्ण फिरवायचा आणि समोर गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या पुढे केलेल्या मोज्यावर टॉवेल फटकारायचा. फेकण्याची सगळी हालचाल होते, पण चेंडूच्या वजनाचा झटका खांद्याला बसत नाही. मोजा पुढे करून बसायचं काम प्रशिक्षकाकडेच होतं. एका मुलासाठी तो कितीतरी वेळ गुडघ्यावर होता.

आपल्याकडे तालमीत वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून पोरांची पकड बघतो, तसंच हे काम आहे. मोठ्या विद्यापीठांत आता रडार आणि वेगवान कॅमेरे असतात. चेंडूचा वेग, मिनिटाला किती फेरे, कोणत्या अक्षावर फिरला, हे लगेच पडद्यावर येतं. त्या आकड्यांचा उपयोग आहेच. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आज टाकू नकोस असं सांगायचं असतं, त्याच्या अहंकाराला धक्का न लावता सांगायचं असतं. त्या वेळी समोर असा माणूस लागतो, ज्यानं एकेकाळी ‘मी ठीक आहे’ असं खोटं सांगून चेंडू टाकला होता आणि त्याची किंमत मोजली होती.

साठ फूट सहा इंच

क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या लोकांना पिचर म्हणजे गोलंदाजच वाटतो. पण पिचरला धावत यायची मुभा नाही. एक पाय रबराच्या पट्टीला टेकवून, उभ्या जागेवरून, त्याला सगळा वेग शरीरातून काढावा लागतो. पट्टीपासून फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. माउंडची उंची जास्तीत जास्त दहा इंच. १९६९ पूर्वी ती पंधरा इंच होती. १९६८ च्या मोसमात पिचरांनी फलंदाजांना इतकं निष्प्रभ केलं, की नियम बदलून माउंड खाली आणावा लागला. चेंडू साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, आणि त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके.

ते टाके म्हणजे पिचरची हत्यारं. बोटं टाक्यांवर आडवी ठेवून मनगट सरळ मागून सोडलं, की चेंडू उलटा फिरत जातो आणि अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. फलंदाजाला तो वर उसळल्यासारखा भासतो. तोच चेंडू वरून पुढे फिरवत सोडला, की हवा त्याला खाली ढकलते आणि तो प्लेटपाशी कोसळतो. हा कर्व्हबॉल. तिसरा प्रकार, चेंज-अप, टाकताना हात तेवढ्याच वेगानं येतो, पण चेंडू तळहातात खोल धरलेला असल्यानं सावकाश जातो. ताशी नव्वद मैलांच्या पुढचा चेंडू ०.४ सेकंदात प्लेटवर पोहोचतो. मारायचा की सोडायचा हे फलंदाजाला त्याच्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं. म्हणून पिचरची खरी विद्या फसवणुकीची आहे. तिन्ही चेंडूंना हात सारखाच दिसला पाहिजे.

शरीरावर याचा भार भयंकर पडतो. हात मागे पूर्ण वळून पुढे झेपावतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जवळजवळ त्याच्या सहनशक्तीइतका ताण येतो. तो तुटला, की १९७४ पर्यंत पिचरचं आयुष्य संपायचं. त्या वर्षी लॉस एंजलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या मनगटातला कंडरा काढून बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज महाविद्यालयाच्या कुठल्याही बुलपेनमध्ये कोपरावर तो लांब व्रण असलेली पोरं भेटतात. त्यांच्यातल्या काहींची ही शस्त्रक्रिया शाळेतच झालेली असते, आणि हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

प्रशिक्षकाचं अर्धं काम म्हणून मोजण्याचं असतं. कुणी किती चेंडू टाकले, किती दिवस विश्रांती झाली, कालपेक्षा आज वेग घसरला का. पहिल्या श्रेणीचा महाविद्यालयीन मोसम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, त्यात साखळीचे जास्तीत जास्त छप्पन्न सामने असतात आणि बहुतेक आठवड्यांत शुक्रवार, शनिवार, रविवार असे एकाच संघाशी तीन सामने होतात. सगळ्यात भरवशाचा पिचर शुक्रवारचा. बुलपेनमध्ये तीसेक चेंडू टाकणारा तो मुलगा शनिवारी टोपी घालून प्रेक्षकांत बसलेला दिसला, मांडीवर वही आणि हातात रडारची बंदूक. सहकाऱ्याचा प्रत्येक चेंडू नोंदवायचं काम त्याच्याकडे होतं.

मन्रो

डॅलसहून वीस क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग सरळ पूर्वेला जातो. श्रीव्हपोर्ट मागे पडलं तरी पाइनची जंगलं सोबत असतात, मग रस्टन, मग वॉशिटा नदीकाठचं मन्रो. कापसाच्या सपाट प्रदेशाच्या तोंडाशी वसलेलं हे जुनं गाव. डेल्टा ही आजची अवाढव्य विमान कंपनी १९४१ मध्ये अटलांटाला जाईपर्यंत इथलीच होती. तिची सुरुवात कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानांपासून झाली. इथल्या विद्यापीठाच्या आवारातून बायू, म्हणजे संथ पाण्याचा ओहोळ, वाहतो, काठाला सायप्रसची झाडं. सरकारी विद्यापीठ, बेताचा पैसा, आणि क्रीडा विभागाचं अंदाजपत्रक आपल्या गटातल्या सगळ्यात लहानांपैकी.

ज्याच्या नावासाठी मी इथवर आले तो पिचर, बेन शीट्स, इथे शिकला. त्या वेळी विद्यापीठाचं नाव नॉर्थईस्ट लुइझियाना होतं. १९९९ मध्ये ते बदलून युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियाना ॲट मन्रो झालं. त्याच वर्षी मिल्वॉकी ब्रूअर्स या व्यावसायिक संघानं शीट्सला देशभरातल्या खेळाडूंमधून दहाव्या क्रमांकावर निवडलं. त्याआधी त्या वसंतात त्यानं शेजारच्या रस्टनच्या लुइझियाना टेक विद्यापीठाचे वीस फलंदाज एका सामन्यात बाद केले होते. त्याच्याकडे दोनच खरी हत्यारं होती, एक जलद चेंडू आणि एक डोक्यावरून येऊन गुडघ्याखाली कोसळणारा कर्व्ह. ही दोन त्याला पुरली.

सप्टेंबर २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर क्यूबा होता. १९९२ आणि १९९६ ची दोन्ही सुवर्णपदकं क्यूबाची. अमेरिकेच्या संघाचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा यांनी, मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत एकही सामना न खेळलेल्या बावीस वर्षांच्या शीट्सच्या हाती चेंडू दिला. त्यानं पूर्ण सामना एकट्यानं टाकला, क्यूबाला बेस गाठून देणारे तीनच फटके (हिट) मारू दिले आणि अमेरिका ४-० अशी जिंकली.

मिल्वॉकीत असताना मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची चार वेळा निवड झाली. १६ मे २००४ रोजी त्यानं अटलांटा ब्रेव्हजचे अठरा फलंदाज एका सामन्यात बाद केले, तो ब्रूअर्सचा विक्रम ठरला. त्या मोसमात २६४ फलंदाज बाद आणि फक्त ३२ जणांना चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस. एवढं नेमकेपण फार थोड्या पिचरांना जमतं. तरी त्याच्या नावावर त्या वर्षी १२ विजय आणि १४ पराभव लागले, कारण त्याच्या संघाला धावाच काढता येत नव्हत्या. पिचरच्या श्रमाचा हिशोब इतरांच्या बॅटवर ठरतो, ही या खेळाची मला सगळ्यात कठोर वाटलेली बाजू.

मग शरीर गेलं. जुलै २००८ मध्ये जुन्या यांकी स्टेडियमच्या अखेरच्या मोसमात ऑल-स्टार सामन्याचा पहिला चेंडू मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगतर्फे त्यानं टाकला. त्याच वर्षी मिल्वॉकी संघ १९८२ नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला, आणि ज्यानं इतकी वर्षं त्या संघाचं ओझं वाहिलं तो कोपराच्या दुखापतीनं बाहेर बसला. २००९ चा अख्खा मोसम शस्त्रक्रियेत गेला. २०१० मध्ये ओकलंडनं एका वर्षासाठी एक कोटी डॉलर दिले. ऑगस्टमध्ये कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. २०११ रिकामं. २०१२ च्या जुलैत तो अटलांटाकडून परतला, पहिल्याच सामन्यात सहा डाव एकही धाव न देता टाकले, आणि ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गला एक शेवटचा डाव टाकून थांबला. ९४ विजय, ९६ पराभव.

त्यानंतर तो मन्रोला राहिला आणि आपल्या जुन्या विद्यापीठात पिचरांना शिकवू लागला. पगारावर नाही, चौथ्या जागेवर. ज्या विद्यापीठाला पैशाच्या बळावर असा माणूस कधीच ठेवता आला नसता, त्याच्या बुलपेनमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात क्यूबाला शून्यावर ठेवणारा पिचर उभा राहिला. शीट्सनं दिलेली ही देणगी मला फार मोठी वाटते. इमारतीला नाव द्यायला धनादेश लागतो. इथे दुपारच्या दुपारी द्याव्या लागतात, आणि त्या अशा मुलांसाठी, ज्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे व्यावसायिक बेसबॉलचं दारही दिसणार नसतं.

देण्यावर बंदी

शीट्सला पैशाची गरज नव्हती. नियम मात्र त्याच्यासाठी केलेला नव्हता.

या नियमाची मुळं १९९१-९२ मध्ये आहेत. त्या काळात खर्च आवरण्यासाठी एनसीएएनं फुटबॉल सोडून पहिल्या श्रेणीच्या खेळांत कनिष्ठ प्रशिक्षकाची एक जागा अशी ठरवली, की तिच्यावरच्या माणसाला वर्षाला १२,००० डॉलर आणि उन्हाळ्याचे ४,००० याहून जास्त देता येणार नाहीत. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांनी त्याविरुद्ध दावा लावला. त्यांचा मुद्दा सरळ होता. ही विद्यापीठं मैदानावर आणि बाजारात एकमेकांची प्रतिस्पर्धी आहेत. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून कामगाराच्या मजुरीवर मर्यादा घालणं हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. १९९८ मध्ये अपील न्यायालयानं ते मान्य केलं आणि पुढच्या वर्षी एनसीएएला सुमारे ५.४५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

एवढं झाल्यावरही बेसबॉलमध्ये चौथी जागा शून्य पगाराची राहिली. त्या माणसाला नव्या खेळाडूंच्या शोधात गावाबाहेर जायची परवानगी नव्हती. म्हणजे वर चढण्यासाठी ज्या ओळखी लागतात त्याही बंद. आरोग्यविमा नाही. मिळकतीचा मुख्य मार्ग उन्हाळी शिबिरांचा. विद्यापीठाच्या मैदानावर शाळकरी मुलांची शिबिरं घ्यायची आणि त्यातून वर्षाचं भागवायचं. ज्या विद्यापीठाचं नाव मोठं त्याच्या शिबिराला गर्दी, आणि तिथला बिनपगारी प्रशिक्षक त्यातल्या त्यात सुखी. लहान गावातल्याला संध्याकाळच्या शिकवण्या, नाहीतर पहाटेचं गोदाम.

समर्थन असं केलं जाई, की श्रीमंत विद्यापीठांना अमर्याद प्रशिक्षक ठेवू दिले तर गरीब मागे पडतील. हे मी मन्रोच्या नजरेनं तपासून पाहिलं. तिथल्यासारख्या विद्यापीठाला नियमानं खरंच थोडं संरक्षण मिळत होतं असं वाटतं. पण त्याची किंमत कुणी मोजायची? जागांच्या संख्येवर मर्यादा घालता आली असती, ती होतीच. मजुरी शून्यावर आणून समतोल साधायचा, तर त्याचा भार सगळ्यात कमी बळ असलेल्या एका माणसावर पडतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

एप्रिल २०१९ मध्ये चौथ्या जागेला पगार द्यायचा ठराव मतदानाला आला आणि पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाचा माजी बिनपगारी प्रशिक्षक टेलर स्मार्ट आणि त्याचा एक सहकारी वादी कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयात गेले. जी गोष्ट इतकी वर्षं होत नव्हती ती दोन महिन्यांत झाली. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएच्या परिषदेनं बिनपगारी जागाच रद्द केली आणि १ जुलैपासून बेसबॉलला चार पगारी प्रशिक्षक मंजूर केले. मागच्या वर्षांच्या भरपाईपोटी दाव्याची तडजोड पुढे सुमारे ४.९ कोटी डॉलरवर झाली.

मंजूर म्हणजे सक्ती नव्हे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी चौथी जागा तत्काळ भरली. ज्यांच्याकडे नाही त्यांना आता वेगळा प्रश्न आहे. थोडे पैसे द्यायचे, की जागा रिकामी ठेवायची.

परवडण्याचा प्रश्न

टेक्सस विद्यापीठातलं एक उदाहरण. ट्रॉय टुलोविट्स्की हा पिचर नव्हे, शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा क्षेत्ररक्षक. त्याच्या पिढीतल्या उत्तमांपैकी. टोरंटोच्या संघानं २०१८ च्या डिसेंबरात त्याला करारातले ३.८ कोटी डॉलर देणं बाकी असताना मोकळं केलं. २०१९ च्या जुलैत त्यानं निवृत्ती जाहीर केली आणि ऑस्टिनला येऊन चौथी जागा घेतली. तोही मन लावून शिकवत होता. पण त्याच्याइतकंच काम त्याच वर्षी दुसऱ्या एखाद्या मैदानावर करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या माणसाचं काय?

‘माजी व्यावसायिक खेळाडू’ म्हटलं की आपल्याला कोट्यवधींचे करार आठवतात. मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या आहेत, आणि करार झालेल्यांतले बहुसंख्य तिथेच थांबतात. २०२१ पूर्वी सगळ्यात खालच्या पूर्ण मोसमाच्या पायरीवर आठवड्याला २९० डॉलर मिळत, तेही मोसमापुरतेच. हिवाळ्यातला व्यायाम आणि वसंतातली तयारी बिनपैशाची. खेळाडूंची संघटना झाल्यावर २०२३ च्या करारानं त्या पायरीचा वार्षिक पगार २६,२०० डॉलर आणि सगळ्यात वरच्या मायनर पायरीचा ३५,८०० डॉलर झाला. माझ्या ओळखीचा प्रशिक्षक हे होण्याआधीच बाहेर पडलेला. पाच-सहा जणांनी मिळून एक घर भाड्यानं घेतलेलं, जमिनीवर गाद्या, रात्रभर बसचा प्रवास. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर संघानं त्याला सोडलं तेव्हा हातात पदवी अर्धी आणि शिल्लक जवळजवळ नव्हती. पदवी त्यानं नंतर पूर्ण केली.

अशा माणसासाठी बिनपगारी जागा म्हणजे प्रशिक्षकाच्या धंद्याचा मुख्य दरवाजा. पगारी जागा हवी तर अनुभव दाखवा, आणि अनुभव हवा तर फुकट राबा. ज्याच्या घरून दोन वर्षं पैसे येऊ शकतात तो थांबतो; बाकीचे विमा विकायला किंवा गोदामात जातात. त्यांच्याबरोबर त्यांचं ज्ञानही खेळाबाहेर जातं. यातल्या कुणालाही मी शीट्सपेक्षा कमी उदार म्हणणार नाही. त्यांच्या खिशाला ते परवडलं नाही, एवढंच.

लॉस एंजलिसमधली दोन भारतीय पोरं

टॉवेल फटकारायचा तो व्यायाम प्रसिद्ध करण्यात टॉम हाउस यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांच्यामुळे हा विषय आपल्याकडे येऊन टेकतो. हाउस हे सत्तरच्या दशकातले डावखुरे पिचर. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरन यांनी बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५ वा होमरन मारला, तो चेंडू अटलांटाच्या बुलपेनमध्ये झेलणारे हाउसच. पुढे त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि फेकण्याच्या शास्त्राला आयुष्य दिलं. २००८ मध्ये ते युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पिचरांना शिकवत होते, तेव्हा त्यांच्यापुढे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू येऊन उभे राहिले. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. भारतभर घेतलेल्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत त्यांनी सगळ्यात वेगवान चेंडू टाकले होते. बेसबॉल मात्र त्यांनी त्याआधी हातात धरलेला नव्हता. काही महिन्यांत हाउस यांनी त्यांना इतपत तयार केलं, की नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केले. या गोष्टीवर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट निघाला. चित्रपटात प्रायोजक आणि दलाल ठळक दिसतात. भाल्याची पकड सोडवून चेंडूची पकड बसवताना मनगटाशी आणि खांद्याशी जी रोजची झटापट झाली असेल, ती मला त्या बुलपेनच्या जाळीपाशी उभी असताना समजली.

पुढचा मोसम

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात मी छोट्या महाविद्यालयाचा एक सामना पाहिला. टॉवेल फटकारणारा मुलगा सातव्या डावात माउंडवर आला. त्यानं एक डाव टाकला. दोन फलंदाज बाद केले, एकाला पहिला बेस दिला, आणि मग एक उंच उडालेला झेल डावीकडच्या क्षेत्ररक्षकानं घेतला. त्याच्या चेंडूंची संख्या अठरा झाली होती. मुख्य प्रशिक्षकांना त्याला आणखी एक डाव द्यायचा होता. आमचा माणूस उठून त्यांच्याजवळ गेला, काहीतरी बोलला आणि दुसऱ्या पिचरला तयारीला लावून आला. मुलगा चिडला होता. त्यानं हातमोजा बाकावर आपटला. प्रशिक्षक त्याच्या शेजारी बसला आणि खांद्याला बर्फ बांधायला लागला.

ऑगस्टमध्ये हा लेख संपवताना मी त्याला फोन केला. गोदामात त्याला बढती मिळाली आहे, पण पाळी दुपारची झाली. आठवड्याचे सहा दिवस मैदानावर जाणं आता जमणार नाही. मुख्य प्रशिक्षक स्वतः जुने कॅचर. पिचरांचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला त्यांच्याकडे माणूस नाही आणि पैसेही नाहीत. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांकडून एका अर्धवेळ पगारी जागेसाठी वर्गणी गोळा करायचं चाललं आहे. तोवर त्यानं तीन दिवस यायचं आणि महाविद्यालयानं पेट्रोलचे पैसे द्यायचे, असं तोंडी ठरलं आहे. मैलाला किती, ते अजून ठरायचं आहे.